पाळणा कोणता घ्यायचा ते नंतर बोलू, आधी सांगा दोरी कोणाच्या हातात?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी डोहाळजेवण किंवा बारसं तोंडावर आलंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. सरपंच आणि सदस्य मंडळींनी दोनदा वाचा.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. सातवा लागलाय, पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी चिखलीला येणार. "मामा, बाळाच्या रूमचं सामान ऑर्डर केलंय. पत्ता आईचा दिलाय. तुम्ही थांबून उतरवून घ्याल का?" म्हटलं, घेतो की. पहिल्या लेकराचा पाळणा आजोळानं द्यायचा असतो आपल्याकडं. आता देणं आमच्या हातात राहिलं नाही, निदान उतरवून तरी घेऊ.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. कठड्याची कॉट. कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्या, त्यांना बंपर म्हणतात म्हणे. डायपर बदलायचं टेबल. खणांचं कपाट, त्यावर ससे. आईनं बसून पाजायची झुलती खुर्ची. आणि शेवटी एक आपोआप झुलणारा पाळणा, मोबाइलवरून चालणारा, पाच वेगांचा, आत अंगाई भरलेली. सगळं मिळून ६४ हजार, बारा हप्ते, बिनव्याजी.

बहिणीचं घर अडीच खोल्यांचं. त्यातल्या अर्ध्या खोलीत देव आणि धान्याच्या कोठ्या. बाळाची 'रूम' नेमकी कुठं करायची हा प्रश्न मी विचारला नाही. माझ्या आईनं विचारला. वय पंच्याऐंशी, ऐकू कमी येतं पण आकडे बरोबर ऐकू येतात. म्हणाली, "चौसठ हजार? लेकराले निजवाले का त्याचं लगन लावाले?" आणि थोड्या वेळानं स्वतःशीच, "लेकरू आपल्या झोपीनं झोपते बाप्पा, खाटंच्या झोपीनं नाही."

भाचीवर हसण्यासाठी लिहीत नाही. ती शिकलेली आहे, नोकरी करते, स्वतःच्या पैशानं घेते. पहिलटकरणीच्या पोटात बाळासोबत भीतीही वाढत असते, आणि ती भीती बाजारानं बरोबर हेरलीय. 'तुमच्या बाळाच्या सुरक्षेत तडजोड करू नका' असं लिहिलं की माणूस किंमत बघत नाही. मला बोलायचंय ते त्या सुरक्षेबद्दल. कारण ती यादी मी दोन डोळ्यांनी वाचली. एक डोळा सुताराच्या पोराचा, दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या मास्तरचा. पहिल्या डोळ्याला जे दिसलं त्यानं मी वैतागलो. दुसऱ्याला जे दिसलं त्यासाठी ही पोस्ट आहे.

आधी सुताराचं.

माझे वडील पाळणे करायचे. सागवान परवडलं तर सागवान, नाहीतर कडूलिंब. आमच्या गावात मोजून सहा-सात पाळणे होते आणि तेच घरोघर फिरायचे. एका घरचं लेकरू रांगायला लागलं की पाळणा दुसऱ्या घरी. परत येताना त्यात नारळ आणि खण असायचा, कारण पाळणा रिकामा पाठवत नाहीत आणि रिकामा हलवतही नाहीत. वडिलांचं दुरुस्तीचं काम एवढंच, की कुठं पाचर ढिली झाली का, कड बोटाला लागते का, दोन पट्ट्यांमधून लेकराचं डोकं जाईल का. तिसरी गोष्ट ते स्वतःचा हात घालून बघायचे. चार बोटं आडवी सहज गेली तर पट्टी वाढवायचे.

अमेरिकेत हेच माप कायद्यात आहे. कॉटच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर पावणेदोन-दोन नव्हे, जास्तीत जास्त सव्वादोन इंचाच्या किंचित वर, म्हणजे सहा सेंटिमीटर. खाली सरकणाऱ्या कठड्याच्या कॉट तिथं २०११ पासून विकायला बंदी आहे, कारण कठडा निसटून फट पडायची आणि बाळं त्यात अडकून गेली. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला उतरत्या पाठीचे झुलते बिछाने परत बोलवावे लागले, ४७ लाख नग. तीसहून जास्त बाळं त्यात दगावली होती. आणि भाचीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेले ते मऊ बंपर? २०२२ च्या कायद्यानं तिथं त्यांच्या विक्रीवरच बंदी आली. बाळाचं नाक त्या मऊ गादीत रुतलं तर त्याला मान फिरवता येत नाही, म्हणून.

म्हणजे तिकडं जे विकता येत नाही ते इकडं 'सुरक्षा संच' म्हणून हप्त्यावर येतंय. आणि घेणारी माणसं अडाणी नाहीत, उलट सगळ्यात जास्त वाचणारी आहेत. जाहिरात वाचतात.

बालरोगतज्ज्ञ काय सांगतात ते अगदी कमी खर्चाचं आहे. बाळाला उताणं निजवा. खालची गादी सपाट आणि घट्ट हवी, हात दाबला तर खड्डा पडू नये. पहिलं वर्षभर उशी नको. आपली मोहरीची उशीसुद्धा नको, डोकं गोल होण्याची हौस बाळाला नसते. तोंडाजवळ मऊ खेळणी, जाड पांघरूण, काही नको. पहिले सहा महिने तरी बाळाचा बिछाना आईबापाच्याच खोलीत हवा, वेगळ्या 'रूम'मध्ये नाही! वर मच्छरदाणी. घाटाखाली राहत असाल, शेगाव-नांदुरा-मलकापूरकडं, तर एप्रिल-मेमध्ये कॉट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. जुना पाळणा मिळत असेल तर आनंदानं घ्या, पण जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर आधी रंग पूर्ण काढा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडं कडक मर्यादा आली ती २०१७ च्या शेवटी. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे देव जाणे, आणि लेकरू दात येताना कठडा चावतंच.

झालं. बाळाच्या फर्निचरबद्दल माझ्याकडं एवढंच आहे. सपाट बिछाना, मच्छरदाणी, आणि लक्ष ठेवणारं एक माणूस.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडं येतो. बिछाना आणि मच्छरदाणी दुकानात मिळते. माणूस मिळत नाही.

यादीतली शेवटची वस्तू आठवा, आपोआप झुलणारा पाळणा. आमच्या शहाण्या लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन यंत्र आलं. बुलडाणा जिल्ह्यात हा पाळणा फार वर्षांपासून आहे, बापहो. त्याला वीज लागत नाही, हप्ता लागत नाही, पाच वेग त्यालाही आहेत आणि अंगाईही येते. तो चौथीत शिकतो. म्हणजे शिकते. पोरगीच असते ती बहुतेक.

मास्तरकीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. गाव आणि नाव लिहीत नाही, पोरीचं आता लग्न झालंय. चौथीचा वर्ग. हजेरीपट बघितला तर जुलैमध्ये पूर्ण हजर. सोयाबीनचं निंदण सुरू झालं की आठवड्यात दोन दिवस गैरहजर. सोंगणी आली की चार दिवस. कापूस वेचायला लागला की महिन्यात मिळून पाच-सहा दिवस शाळा. मी एकदा जरा दरडावूनच विचारलं, "काहून नाही आली वं?" पोरगी खाली मान घालून म्हणाली, "सर, लहान्याले झोयीत झोके द्याचे व्हते. माय वावरात गेली व्हती."

झोयी म्हणजे झोळी, बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. जुनं लुगडं किंवा साडी घराच्या आढ्याला, नाहीतर बांधावरच्या बाभळीला बांधायची आणि लेकरू त्यात घालायचं.

मी त्या दिवशी घरी जाऊन पट उघडून बसलो. पट काही खोटं बोलत नाही. वर्गात ज्या पोरींच्या घरी वर्ष-दीड वर्षाचं भावंड होतं, त्या सगळ्यांच्या गैरहजेऱ्या एकाच महिन्यात पडल्या होत्या. पोरांच्या नाही. त्यांचीही भावंडं होतीच की! शासनाला आम्ही जो कागद पाठवायचो त्यात गैरहजेरीच्या कारणाला रकाना होता: आजारी, स्थलांतर, इतर. झोयी 'इतर'मध्ये गेली. इतकी वर्षं 'इतर'मध्येच गेली.

त्याच पोरीला फेब्रुवारीत शिवजयंतीला आम्ही जिजाऊ केलं. नऊवारी नेसवली, कपाळी कुंकू, शाळेच्या ओट्यावर फुलांनी सजवलेला पाळणा, आत छोट्या शिवबाची मूर्ती. पोरीनं दोरी हातात घेतली आणि काय सुंदर झोके दिले! बाकीच्या पोरी पाळणा हिसडतात, हिचा हात एका लयीत. पाहुणे म्हणाले, वा, किती सराव करून घेतलाय गुरुजींनी. मी गप्प बसलो. सराव कुठं झाला होता ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या सोंगणीला माय गेली आणि पोरगी पुन्हा 'इतर'मध्ये.

जिजाऊंचा जिल्हा म्हणून आपण छाती फुगवतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखांनी माणूस लोटतो, मीही जातो, लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या दर हजार पोरांमागं पोरी किती होत्या? ८५५. दहा वर्षांआधी ९०८ होत्या. खाली गेलो आपण. आणि ज्या ८५५ आल्या त्यांच्यातल्या मजुराघरच्या पोरीच्या हातात आपण दोरी दिली.

इथं काही जण लगेच म्हणतील, झोळी किती छान होती, आमचं बालपण झोळीतच गेलं, मातीशी नाळ वगैरे. असल्या पोस्टी वातानुकूलित खोलीतून येतात. झोळीत तान्ह्या बाळाची मान छातीवर दुमडते, श्वासाला अडचण होते. वावरातल्या झोळीखाली विंचू-सापाची भीती, वरून ऊन. आणि त्याच साडीच्या झोळीत थोरलं भावंड खेळायला बसलं, पीळ पडला आणि गळ्याला फास लागला अशा बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. झोळी ही परंपरा नाही. दुसरं काही नसलं की माय जे करते ते झोळी आहे. तिला दोष देणाऱ्यानं आधी भर दुपारी एक पात निंदून दाखवावी.

मग दुसरं काही का नाही? इथं मला राग येतो.

कायदे बघा. १९४८ चा कारखाना कायदा सांगायचा, तीसहून जास्त महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर करा. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा, पन्नासहून जास्त महिला असतील तर पाळणाघर करा. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली: पन्नास किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर इतकं साधं लिहिलं होतं की वाचून बरं वाटावं: कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली असतील तर त्या बायांपैकीच एकीला मुलं सांभाळायला बसवा आणि तिला पूर्ण मजुरी द्या. खडी फोडण्याइतकंच लेकरू सांभाळणं हे काम आहे, असं कायद्यानं मान्य केलं! रोहयोच्या किती कामांवर अशी बाई बसलेली तुम्ही पाहिली? मी तलाव पाहिले, पाणंद रस्ते पाहिले, बांध पाहिले. झाडाला झोळ्या पाहिल्या. पगारी बसलेली बाई एकदाही पाहिली नाही.

आणि आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य माय कुठं काम करते? शेतात, रोजानं. शेत ही कुठल्याच कायद्याची 'आस्थापना' नाही. आज या वावरात, उद्या त्या. मालक म्हणजे पाच एकरवाला, त्याचीच बायको शेजारच्या पातीवर असते. त्याला पाळणाघर करायला सांगणार का? म्हणजे सगळ्यात जास्त बाया जिथं काम करतात तिथंच कायद्याची सावली नाही.

"अंगणवाडी आहे ना," असं म्हणणारे भेटतात. आहे. तीन वर्षांवरचं लेकरू तिथं दोन-चार तास बसतं, खिचडी खातं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी अंगणवाडी काय देते? घरी न्यायचं पाकीट. लेकराला दिवसभर ठेवून घेत नाही. शाळेचा कायदा सहाव्या वर्षापासून, नवीन शिक्षण धोरण तिसऱ्या वर्षापासून. शून्य ते तीन हे वय सरकारच्या नकाशावर आईच्या मांडीवर आहे, आणि आई वावरात आहे. मधली जागा कोण भरतं? चौथीतली पोरगी.

आणि अंगणवाडी सेविकेला जबाबदार धरू नका, हात जोडून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या, पन्नास दिवसांच्या वर बसल्या, तेव्हा त्यांच्या मानधनाचा आकडा कळल्यावर अनेकांनी डोळे वर केले होते. सर्वेक्षण त्यांनी करायचं, पोषण ट्रॅकर त्यांनी भरायचा, मतदार याद्या त्यांनी फिरवायच्या, आता वर तान्ही लेकरंही त्यांच्याच पदरात टाकायची? नाही. वेगळं माणूस हवं, वेगळा पगार हवा.

केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे, मिशन शक्तीखाली, २०२२ पासून. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, त्यासाठी वेगळी सेविका आणि वेगळी मदतनीस. कागदावर उत्तम. उद्दिष्ट किती ठेवलं? अख्ख्या देशात १७ हजार. एकट्या आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला २५ लाख ८६ हजार होती, तालुके तेरा. देशाच्या १७ हजारांत आपल्या वाट्याला काय येणार याचा हिशेब चौथीतलं पोरगं पण करेल, शाळेत आलं तर.

हे अशक्य आहे का? अजिबात नाही. महाराष्ट्रानंच करून दाखवलंय आणि फार आधी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं अनुताई वाघांसोबत ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण कोणाला ढोरं राखायची होती, कोणाला भावंडं. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापाला अडाणी म्हटलं नाही. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा केली, नाव दिलं विकासवाडी. पोरगी कडेवर भावंडाला घेऊन आली तरी चालेल, भावंड पाळणाघरात, पोरगी वर्गात. ढोरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली. आमच्या डी.एड.च्या अभ्यासात हे होतं, परीक्षेला पाच मार्कांना यायचं. आम्ही पाच मार्क घेतले आणि नोकरीला लागलो, आणि बत्तीस वर्षं झोयी 'इतर'मध्ये लिहीत राहिलो. हा माझाही दोष आहे, नाकारत नाही.

दिल्लीत मीरा महादेवन या बाईंनी १९६९ मध्ये राजघाटाजवळ बांधकाम चाललं होतं तिथं तंबू ठोकून मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघर सुरू केलं. तंबू! बंगला नाही, ससे काढलेलं कपाट नाही. त्यातूनच मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली.

लोणार, सिंदखेडराजा, मेहकर भागातून जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, त्यांचं तर सगळं बिऱ्हाडच झोळीत. तिथली गोष्ट मोठी आहे, एका परिच्छेदात कोंबत नाही. पण ज्या कोयत्यामागं साखर निघते त्याच्या लेकरासाठी पहाटे चार वाजता फडात पाचटाच्या ढिगाजवळ काय सोय असते, हे साखर खाणाऱ्यांनी एकदा जाऊन बघावं.

आता गावात काय होऊ शकतं ते बोलतो. बाळाच्या खोलीचीच यादी करू, भाचीसारखी. पण एका बाळाची नको, गावातल्या दहा लेकरांची.

अंगणवाडीची किंवा शाळेची एक पडून असलेली खोली, बहुतेक गावांत असते, तिच्यात जुने बाक आणि निवडणुकीच्या पेट्या असतात. दाराला कमरेएवढं फाटक, लेकरू रांगत बाहेर जाऊ नये म्हणून. सहा महिन्यांच्या आतबाहेरच्यांसाठी चार लाकडी कॉट, साध्या, चार बाजूंनी घट्ट कठडा, चार बोटं आडवी जाणार नाहीत अशा पट्ट्या, चाकं नकोत. बाकीच्यांना चटया आणि पातळ घट्ट गाद्या, रेक्झिनचं कव्हर, म्हणजे पुसता येतं. दहा मच्छरदाण्या. एक छताचा पंखा, एक कूलर, उन्हाळ्यात चैन नाही ती. पाण्याचा फिल्टर. वाट्या-चमचे. एक पडदा, आई दुपारी पाजायला आली तर आडोसा. आमच्या गावच्या सुताराला मी भाव विचारला. कॉट साडेचार हजाराला एक, कडूलिंबाची, वर फुकट दुरुस्ती. चार कॉटचे अठरा हजार. बाकी सगळं धरून मी बेरीज केली, ५७ हजार.

भाचीच्या एका बाळाच्या खोलीपेक्षा सात हजार कमी.

खरा खर्च फर्निचरचा नाहीच, दोन बायांच्या पगाराचा आहे, दर महिन्याचा. तो लपवत नाही. त्यासाठी 'पाळणा' योजनेत आपलं गाव मागावं लागेल, जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडं ठराव पाठवावा लागेल. पण ग्रामपंचायतीच्या हातात एक पैसा आजही आहे. स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. हा पैसा कशावर जातो? मी एका गावचा हिशेब बघितला, नाव सांगत नाही, कारण बाकीच्या गावांना उगाच आपण बरे वाटायला नको. संक्रांतीचं हळदीकुंकू, वाणाचे स्टीलचे डबे, एका दिवसाचं 'महिला सक्षमीकरण शिबिर', मंडप, माइक, पाहुण्यांच्या शाली. डबा घेऊन बाई घरी गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वावरात गेली. लेकरू झोयीतच.

एक जण मला म्हणाला, "सर, बाया लेकरू ठेवतील का परक्याजवळ? आपल्याकडं आजी असते." आजी असते का? गावातल्या मजुराघरची आजी साठीची झाली तरी कापूस वेचायला जाते, किलोवर पैसे मिळतात. घरी असते ती आजी आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांच्या घरची. आणि परकी कोण? त्याच गल्लीतली बाई असणार, जिच्याकडं आजही लेकरू 'जरा बघ वं' म्हणून टाकून जातात. फक्त तिला पगार असेल आणि लेकरू बाभळीखाली नसेल.

दुसरा म्हणाला, मजूर बाईला सरकार पैसे देतं ना बाळंतपणाला. देतं, पहिल्या बाळाला पाच हजार. आमच्या सुताराची एक कॉट आणि वर पाचशे रुपये. हाताला काम पाहिजे म्हणून बाई सव्वा महिन्याची ओली बाळंतीण निंदायला उभी राहते. मोठ्या नोकरीतल्या बाईला सहा महिने भरपगारी रजा मिळते, मिळायलाच हवी, त्यावर कोणी डोळा ठेवू नये. पण बाळ दोघींचं सारख्याच वजनाचं असतं ना?

भाचीचं काय झालं ते सांगतो, नाहीतर विचाराल. मी तिला हे सगळं सांगितलं नाही, फक्त बंपरबद्दल सांगितलं. ती शहाणी आहे, स्वतः शोधून वाचलं आणि बंपर, टेबल, आपोआप झुलणारा पाळणा, कपाट सगळं रद्द केलं. झुलती खुर्ची ठेवली, म्हणाली पाठ दुखते. ठेव बाई. कॉट मी आमच्या सुताराकडून करून घेतोय, मामाचा मान राहिला. पट्ट्यांमध्ये स्वतः हात घालून बघणार आहे. आईनं जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी शिवायला काढलीय, सुई ओवून द्यायचं काम माझ्याकडं.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक अर्ज देणार आहे. मजकूर खाली देतोय. गावाचं नाव बदलून कोणीही वापरा, माझी परवानगी विचारू नका. पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. ग्रामसेवक "नंतर बघू" म्हणाले तर "नंतर बघू" असं लिहून द्या म्हणावं.

"मा. सरपंच, ग्रामपंचायत ______. मागील तीन आर्थिक वर्षांत ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दहा टक्के महिला व बालकल्याण निधी किती जमा झाला, किती खर्च झाला आणि कोणत्या वस्तूवर झाला, याचा वर्षनिहाय तपशील ग्रामसभेसमोर वाचून दाखवावा. गावात सहा महिने ते तीन वर्षे वयाची किती मुले आहेत आणि त्यांपैकी किती मुलांच्या माता मजुरीला जातात, याची नोंद अंगणवाडीच्या नोंदवहीवरून घ्यावी. इयत्ता तिसरी ते सातवीतील ज्या मुली महिन्यातून पाच दिवसांहून अधिक गैरहजर असतात, त्यांच्या घरी तीन वर्षांखालील भावंड आहे किंवा कसे, हे मुख्याध्यापकांकडून लेखी मागवावे. वरील माहितीच्या आधारे गावात पाळणाघर सुरू करण्याचा ठराव याच सभेत मांडावा, मतास टाकावा व ठरावाची प्रत अर्जदारास द्यावी."